बांधलेली करंगळी

रेडिओवरच्या बाईंनी साहेबराव वाघमारेंना विचारलं, तुमच्या गिटारीची ही खास पद्धत तुम्हाला कुठं सापडली? तेव्हा मी नांदेडच्या एसटी वर्कशॉपात एका गाडीखाली आडवा पडून नट आवळत होतो. रेडिओ फोरमनच्या टेबलावर होता. साहेबराव म्हणजे माझे गिटारीचे उस्ताद. ते खाकरले. त्यांचं ते खाकरणं मी झोपेतही ओळखीन. मग म्हणाले, "दुष्काळात सुचली."

सुचली म्हणे. माझ्या हातातला पाना सुटला आणि माझ्याच कपाळावर पडला. मी गाडीखालून बाहेर आलो तो शिव्या देतच आलो. फोरमनला वाटलं पाना लागला म्हणून. मी त्याला माझ्या डाव्या हाताची करंगळी दाखवली. ही मधल्या पेरापासून वाकत नाही, सरळच राहते, चहाची बशी धरली तरी बाहेर डोकावते. वर्कशॉपात यावरून माझी टिंगल होते, नवाबसाहेब चहा पिऊन राहिले म्हणतात. मी फोरमनला म्हणालो, त्यांना जे सुचलं ते हे आहे. तो म्हणाला, बसवंत, तोंड धू आणि घरी जा.

घरी गेलो, पण डोकं काही थंड झालं नाही. त्याच आठवड्यात पंधरा ऑगस्ट होता. लातूर त्या दिवशी वेगळा जिल्हा होणार होता आणि तिथल्या वस्तीत उस्तादांच्या पार्टीचा कार्यक्रम असल्याचं मला कळलं होतं. जायचं मी तेव्हाच ठरवलं. जाऊन भांडायचं, चार लोकांत भांडायचं, एवढंच डोक्यात होतं.

पण आधी मागचं सांगतो, त्याशिवाय माझा राग तुम्हाला खुळ्याचा वाटेल.

साहेबराव वाघमारे आमच्या मुखेडचेच. पोटापाण्यासाठी लहानपणीच सिकंदराबादला गेले. तिथं रेल्वेच्या गोऱ्या-निमगोऱ्या साहेबांच्या क्लबात खुर्च्या मांडायचं काम त्यांना मिळालं. शनिवारी तिथं नाच व्हायचा आणि विल्सन नावाचा एक इंजिन ड्रायव्हर गिटार वाजवायचा. ते जॅझ. खुर्च्या मांडता मांडता साहेबरावांनी ते उचललं. विल्सननं त्यांना शिकवलं ते बुटानं शिकवलं. चुकलं की लाथ. हे उस्ताद स्वतःच कौतुकानं सांगायचे, आणि मला ते ऐकताना तेव्हाही कौतुक वाटायचं नाही.

परत आले ते गिटार घेऊन. मुखेडात जॅझ म्हटल्यावर लोकांना लग्नाच्या बँडातला मोठा ढोल आठवायचा, तेवढंच त्या शब्दाचं आमच्याकडं वजन. उस्तादांनी भीमगीतांची पार्टी काढली. पेटी, ढोलकी, गाणारे दोघं, आणि जिथं इतर पार्ट्यांमध्ये बेंजो असतो तिथं ही गिटार. भोकरपासून उदगीरपर्यंत गिटारवाली पार्टी म्हणून नाव झालं. तेरा-चौदा वर्षांचा असताना मी त्यांच्याकडं शिकायला गेलो. कलकत्त्याची एक जुनी गिटार त्यांनी माझ्या मांडीवर ठेवली, आणि मला वाटलं आपलं नशीब उघडलं.

आता पार्टीतली एक रीत सांगतो. गाणं रंगात आलं की लोक उठून पुढं येतात आणि बक्षीस देतात. कुणीही काहीही दिलं तरी त्याचं नाव माईकवर पुकारायचं. आयुष्मान अमुक, मुक्काम अमुक, यांच्याकडून इतकं. नाव पुकारेपर्यंत गाणारा थांबतो. वाजवणारे मात्र थांबत नाहीत. नावाखाली वाजवणं सुरूच ठेवायचं. देणाऱ्याचा तो मान असतो. नाव कोरडं गेलं तर माणूस रुसतो आणि पुढच्या वर्षी पार्टीला बोलावत नाही.

आमचे उस्ताद जॅझ वाजवायचे ते तिथं, नावांखाली. गाण्यात त्यांना चाल सोडता यायची नाही, लोकांनी उठवून लावलं असतं. पण नावं सुरू झाली की लोकांचे कान माईककडं असायचे. मग उस्ताद सुटायचे. चाल एकदा वाजवायची, मग मोडायची, मोडत मोडत कुठं कुठं हिंडून यायचं आणि नाव संपायच्या आत बरोबर घरी परतायचं. त्या वेळचं त्यांचं वाजवणं म्हणजे पोतं फाटून ज्वारी सांडावी तसं. सुरांमध्ये कागद सरकवायला जागा नाही. मी तोंड उघडं टाकून ऐकायचो.

शिकवणं मात्र उलटं. जॅझची सगळी मजा अशी की ज्यानं त्यानं आपलं वाजवावं, आणि हा माणूस शिकवायचा काय, तर माझ्यासारखंच वाजव. त्यांनी ज्या पट्टीवर जे बोट ठेवलं तिथं तेच बोट. एक सूर मी आपल्या मनानं घातला की रूळ बसायचा. ताल धरायला त्यांच्याजवळ एक लाकडी रूळ असायचा, फळीवर ठोकायला. तो फळीवर कमी आणि माझ्यावर जास्त वाजायचा. आणि सगळ्यात मोठा नियम एकच: नावाखाली हात थांबवायचा नाही. आभाळ कोसळलं तरी नाही.

मग तो मोठा दुष्काळ आला. बहात्तर गेलं, त्र्याहत्तर उजाडलं, मुखेडच्या बाजूची अर्धी माणसं खडी फोडायला गेली. माझी माय कोंडाबाईसुद्धा. तिथं खायला सरकारी सुकडी मिळायची, घरी रेशनच्या लाल मिलोची भाकर, पाणी टँकरचं. त्या एप्रिलात बाबासाहेबांची जयंती खडीच्या कामावरच झाली. दोन ढिगांच्या मध्ये ताडपत्री टाकून आम्ही बसलो. मी पहिल्यांदाच पार्टीत वाजवायला बसलो होतो. द्यायला कुणाकडं काही नव्हतं, पण नावं पुकारल्याशिवाय जयंती कसली? मग ज्याच्याकडं जे होतं ते येऊ लागलं. मूठभर सुकडी. विड्यांचा अर्धा कट्टा. एक तांब्या पाणी. नावं पुकारायला पंढरी होता, आवाज भारी माणूस. तांब्याभर पाण्याचं नावही तो एखाद्या सावकाराचं पुकारावं तसं पुकारत होता आणि लोक टाळ्या वाजवत होते. मला ते लई आवडलं होतं. खरं सांगतो, त्या संध्याकाळी मला आपल्या लोकांचा फार अभिमान वाटला होता.

मग पंढरी म्हणाला, "आयुष्मती कोंडाबाई सोनकांबळे यांच्याकडून एक कळशी पाणी."

आमच्या घरात तेवढंच पाणी होतं. त्या कळशीसाठी माय अंधारातच टँकरच्या रांगेत जाऊन बसली होती, हे मला माहीत होतं. माझी धाकटी बहीण तापानं घरात पडली होती आणि माझी माय, लेक पहिल्यांदा पार्टीत बसला म्हणून, ती कळशी डोक्यावर घेऊन हसत हसत पुढं येत होती. माझा हात थांबला. कुणाचाही थांबला असता.

रूळ बसला तो तारांवरच्या हातावर. खाली लाकूड, वर लाकूड, मध्ये माझी करंगळी. आवाज ढोलकीत बुडाला. उस्तादांनी माझ्याकडं पाहिलंही नाही, माझा राहिलेला भाग स्वतः उचलला आणि मायच्या नावाखाली असं काही वाजवलं की नाव कोरडं जाऊ दिलं नाही. कार्यक्रम संपल्यावर ते पाणी पार्टीनं प्यायलं. पहिला तांब्या उस्तादांचा.

मुखेडातल्या हाड बसवणाऱ्यानं बांबूच्या कामट्या बांधल्या. त्यानं चुकीच्या बांधल्या का हाडच नीट बसलं नाही, देव जाणे. बोट सरळ जुळलं आणि सरळच राहिलं. माय म्हणाली, "उस्ताद हायत, मारनारच." पंढरीनं सगळं पाहिलं होतं, तो काहीच म्हणाला नाही. उस्तादांनी विचारलं ते एवढंच, कधीपासून येतो?

मी गेलो. काय करणार? मला दुसरं काय येत होतं? तीन बोटांनी वाजवायला लागलो. जो सूर करंगळीचा, तो माझ्याच्यानं व्हायचा नाही, मग तो सोडून द्यायचा. तिथं भोक पडायचं. ते भोक लपवायला मी आधीचा सूर जरा लांबवायचो किंवा नुसताच थांबायचो. उस्ताद चिडायचे. दात पडलेल्या म्हाताऱ्यावानी वाजवून राहिला म्हणायचे. एक-दोन वर्षांनी चिडेनासे झाले. एकदा भोकरच्या कार्यक्रमात नावांखाली मी एकटाच वाजवत होतो. बघतो तर उस्ताद डोळे मिटून बसलेले. मला वाटलं, झोपले.

झोपले नव्हते हो. घेत होते.

पुढं मला एसटीत हेल्परची नोकरी लागली आणि मी नांदेडला आलो. ते लेकीकडं लातूरला राहायला गेले. पंढरीही त्यांच्या मागं गेला. मायचं दुखणं, मायचं जाणं, यात वर्षं गेली आणि मी गिटार खुंटीला टांगली. आणि मग तो रेडिओ.

पंधरा ऑगस्टला लोहा, अहमदपूर, चाकूर करत गाडी लातूरला पोचली तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं. ऑगस्ट अर्धा झाला तरी आभाळ कोरडं ठणठणीत होतं, त्यामुळं नव्या जिल्ह्याच्या कमानींवरची फुलं सकाळीच सुकून गेली होती. पेंटर लोक शिड्यांवर चढून पाट्यांवरचं उस्मानाबाद खरवडत होते आणि लातूर लिहीत होते. काही पाट्यांवर जुनं नाव खालून दिसतच होतं. मी एका पेंटरला म्हटलं, नीट खरवड की, खालचं दिसतंय. तो म्हणाला, दिसूद्या, आज झाकलं की झालं. अशा दिवशी माणसाला भेटू नये असं हे उत्तर.

वस्तीतल्या विहाराच्या मागं एक पत्र्याची खोली होती, तिथं उस्तादांचा वर्ग चाले. मी दारात उभा राहिलो. सहा-सात पोरं-पोरी गिटारी घेऊन बसलेली. आणि प्रत्येकाच्या डाव्या हाताची करंगळी चिंधीनं बांधलेली. जुन्या लुगड्याच्या चिंध्या, लाल, हिरव्या. बोटाला काडी लावून वर घट्ट गुंडाळलेल्या. सगळ्यांच्या करंगळ्या ताठ, माझ्यासारख्या.

एका माणसाचं बोट मोडायचं, आणि मग त्याच्या थोटकेपणाची शाळा काढायची! वर रेडिओवर सांगायचं की सुचली.

उस्ताद म्हातारे झाले होते. केस पांढरे, आवाज खाली आलेला. साखरा नावाची रेणापूरकडची एक पोरगी वाजवत होती. वाजवता वाजवता ती मध्येच अडकली आणि थांबली. माझे खांदे आपोआप वर गेले, आता रूळ बसणार म्हणून. रूळ खोलीत नव्हताच. उस्ताद तिला म्हणाले, "थांबलीस? बरं केलंस. आता ते थांबल्यालं ऐक जरा. मग तुला वाटंल तवा पुढं जा. माझं नको वाजवू, माझं मी वाजवतो." पोरीनं ऐकलं, मान हलवली, आणि पुढं गेली ती तिच्याच वाटेनं गेली. चांगलं वाजवलं तिनं. तिच्या वयात मला असं कधीच वाजवता आलं नव्हतं, कारण मला कुणी तसं वाजवू दिलं नव्हतं.

शहाणा झाला होता म्हातारा. माझ्या जिवावर शहाणा झाला होता. पोरांवर माया करणारा, थांबू देणारा, ज्याचं त्याला वाजवू देणारा असा उस्ताद मला का मिळाला नाही? मी आधी आलो हा माझा गुन्हा होता का? पहिली भाकर करपते म्हणून ती तव्याखाली टाकून द्यायची, तसा मी.

त्यांनी मला पाहिलं. ओळखलं. पोरांना सुट्टी दिली, चहा मागवला. मायची विचारपूस केली. मी म्हटलं, गेली, दोन वर्षं झाली. नोकरीचं विचारलं. गिटार वाजवतो का विचारलं. मी चहाला हात लावला नाही. मी म्हणालो, "उस्ताद, पोरांच्या करंगळ्या कशापायी बांधल्या?"

"चार बोटं असली की मानूस समदंच वाजवतंय. तीन ठेवली की निवडाया लागतंय. साल-सहा म्हैने बांधायची, मंग सोडायची."

"आन हे तुमाला कुनी शिकवलं?"

ते माझ्या हाताकडं बघत राहिले. मग हसले, आणि ते हसणं प्रेमाचं होतं, म्हणूनच मला जास्त झोंबलं. "तू माझाच हायस की, बसवंता. तुझं वाजवनं मला काय परकं हाय का?"

म्हणजे शिष्याचं ते उस्तादाचं, आणि उस्तादाचं ते उस्तादाचंच. मी त्यांना सांगितलं की मला पैसा-अडका नको, माफी नको, शाल-श्रीफळ तर मुळीच नको. आज संध्याकाळी माईकवर माझं नाव घ्या. ही पद्धत बसवंत सोनकांबळेची आहे, एवढं म्हणा. उस्ताद म्हणाले, नाव कशापायी, लोक ऐकतात आन इसरतात. मी म्हणालो, "तांब्याभर पानी देनाऱ्याचं नाव पुकारता तुमी. मी काय कमी दिलं का?"

त्यांनी गिटार मांडीवर ओढली आणि तारा जुळवायला लागले. तारा जुळलेल्याच होत्या. मी उठलो आणि चपला घालून बाहेर पडलो. दिवसभर नव्या जिल्ह्याच्या गावातून हिंडत राहिलो. जिकडं तिकडं पेढे वाटत होते. मी एक घेतला नाही.

संध्याकाळी वस्तीत मांडव भरून गेला होता. मी मागं बांबूला टेकून उभा राहिलो. पंढरी माईकवर, त्याचा आवाज अजून तसाच खणखणीत. उस्ताद मध्ये, बाजूला साखरा आणि आणखी दोन पोरं, चिंध्या बांधलेल्या. पहिलं गाणं झालं, दुसरं रंगलं, लोक उठून पुढं यायला लागले आणि नावं सुरू झाली.

आणि उस्ताद वाजवायला लागले.

मला वाईट वाजलेलं ऐकायचं होतं. चोरी ती चोरी, ती बेसूर निघावी असं मनापासून वाटत होतं. पण म्हातारा एक सूर लावायचा आणि सोडून द्यायचा. नाव त्याच्यावरून जायचं. मग दुसरा. पूर्वीचं ते सांडलेलं पोतं कुठंच नव्हतं. माणसाचं नाव, त्याच्या गावाचं नाव स्वच्छ ऐकू यावं एवढी जागा तो ठेवत होता, आणि त्या जागेच्या कडेनं चालत होता. पूर्वी तो नावांच्या आडोशाला लपून आपलं वाजवायचा. आता नावासाठी वाजवत होता. मी जिथं नुसता अडखळायचो तिथं तो थांबत होता. माझ्या मोडक्या बोटातून त्यानं जे काढलं होतं, ते मला स्वतःला कधी काढता आलं नव्हतं. हे कळलं तेव्हा मी बांबू इतका घट्ट धरला की मांडव हलला. चोरलेलं धड वाया तरी घालवायचं. यानं त्याचं सोनं केलं होतं, आणि माझ्याकडं नुसतं बोट राहिलं होतं.

मी रांगेत जाऊन उभा राहिलो. माझ्या पुढं एक म्हातारी होती, तिनं पदराच्या गाठीतून काहीतरी काढून दिलं आणि तिचं नाव पुकारलं गेलं. मग मी. पंढरीनं मला पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला. माईकवर हात ठेवून त्यानं हळू विचारलं, कसा हायस. मी त्याला रीतीनं सांगितलं, कारण रीत त्यालाच जास्त माहीत. "नाव लिही मनात. बसवंत सोनकांबळे, मुक्काम मुखेड."

"किती पुकारू?"

"एक बोट."

पंढरी तसाच राहिला. नऊ वर्षांपूर्वी जसा गप्प होता तसाच गप्प. मागं रांग चुळबुळायला लागली. उस्तादांनी वाजवता वाजवता मान वळवून काय झालं म्हणून विचारलं. पंढरीनं वाकून त्यांच्या कानात सांगितलं. मला वाटलं, आता मला मागं ढकलतील. ढकलावंच, अशी माझी तयारी होती. मग मला ओरडता आलं असतं, सगळ्या लातूरला ऐकू जाईल असं.

उस्तादांनी हात लांब करून माईक ओढून घेतला.

"आयुष्मान बसवंत सोनकांबळे, मुक्काम मुखेड," ते म्हणाले, "यांच्याकडून एक बोट. त्र्याहत्तर साली. हे मी आज जे वाजवून राहिलो ते त्यांचं हाय. बोट मी मोडलं, रुळानं."

मांडवात कुणी टाळी वाजवली नाही. लोकांना कळेना काय चाललंय. उस्ताद थांबले नाहीत. "आन कालकथित कोंडाबाई सोनकांबळे, यांच्याकडून एक कळशी पानी. ते बी मीच प्यालो."

मायचं नाव असं पुन्हा माईकवर ऐकू येईल असं मला वाटलं नव्हतं. ते मी मागितलंही नव्हतं. माझे डोळे भरून आले, आणि ते भरून आले म्हणून मला आणखी राग आला. मला भांडायचं होतं. यानं ते भांडणसुद्धा माझ्या हातातून काढून घेतलं.

मग माझ्या लक्षात आलं की त्यांच्या हातात माईक आहे. म्हणजे गिटारीवर हात नाही. नावाखाली हात थांबवायचा नाही हे ज्यानं मला रुळानं शिकवलं, त्याचा हात मायच्या नावाखाली थांबला होता. मांडीवर नुसता पडला होता.

तरी नावं कोरडी गेली नव्हती. साखरा वाजवत होती. उस्ताद थांबले म्हणून ती थांबली नव्हती, तिला कुणी सांगितलंही नव्हतं. एक सूर, मग जागा, मग एक सूर. बांधलेली करंगळी ताठ वर धरून. ते सगळं माझं होतं. माझ्या मायच्या नावाखाली एक अनोळखी पोरगी माझा थोटा हात वाजवत होती.

मी स्टेजवर चढलो. पंढरी दचकून मागं सरकला. उस्तादांनी माझ्याकडं पाहिलं आणि मान खाली घातली. पण मला त्यांच्याकडं जायचंच नव्हतं. मी साखरासमोर गुडघ्यावर बसलो, तिचा डावा हात धरला आणि चिंधीची गाठ सोडायला लागलो. गाठ घट्ट होती. माझी करंगळी मध्ये मध्ये येत होती. शेवटी दातानं सोडवली. काडी खाली पडली.

"तुझी शाबूत हाय," मी तिला म्हणालो. "वापर."

तिनं उस्तादांकडं पाहिलं. तिची करंगळी बांधून बांधून पांढरी पडली होती. तिनं ती जपून तारेवर ठेवली. सूर चिरका लागला. कुणी मारलं नाही. मी वर पाहत होतो, कुणीही मारलं नाही. तिनं बोट उचललं आणि परत ठेवलं.

पंढरीनं माईक घेतला आणि रांगेत माझ्या मागं उभ्या असलेल्या माणसाला त्याचं नाव विचारलं.